एंडोथेलियल पेशींचा मृत्यू सिद्ध कसा करायचा: अँटी-अँजिओजेनिक प्रथिनांवर काम करणाऱ्यांसाठी

व्हीईजीएफ या वाढीच्या घटकावर वाढणाऱ्या एंडोथेलियल पेशींना, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींना, थ्रॉम्बोस्पॉन्डिन-१ हे अँटी-अँजिओजेनिक (नव्या रक्तवाहिन्या रोखणारं) प्रथिन दिलं आणि दुसऱ्या दिवशी प्लेट मायक्रोस्कोपखाली ठेवली, की काही पेशी आकसून गोल झालेल्या दिसतात. काही तर तळापासून सुटून मीडियममध्ये तरंगत असतात. ‘प्रथिनाने ॲपॉप्टोसिस (पेशीचा आतून घडणारा नियोजित मृत्यू) घडवला’ असं वहीत लिहायचा मोह इथेच होतो. पण पेशी मरायला कारणं अनेक असतात. प्रथिनासोबत आलेल्या एंडोटॉक्सिन या जीवाणूंच्या विषाने ती मेली असेल, सीरम कमी केल्याने मेली असेल, आधी तळापासून सुटली आणि म्हणून नंतर मेली असेल. कदाचित मेलीच नसेल, फक्त विभाजन थांबलं असेल.

हे सगळे पर्याय एकेक करून बाजूला कसे काढायचे, ते या लेखात क्रमाने सांगतो. पेशीसंवर्धन येत असलेल्या पण या विषयात नव्याने शिरलेल्या विद्यार्थ्यासाठी तो लिहिला आहे. कामाला लागण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी, कारण प्रयोगाची सगळी मांडणी तिच्यावर उभी आहे: ही प्रथिनं विष नाहीत. पेशीत आधीपासून असलेली मरणाची यंत्रणा ती सुरू करतात, आणि तीही प्रामुख्याने अशा पेशीत, जिला वाढीचा संकेत मिळालेला आहे.

आधी यंत्रणा समजून घ्या

गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर तिला नव्या रक्तवाहिन्या लागतात, हा विचार ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. मग नव्या वाहिन्या रोखणाऱ्या पदार्थांचा शोध सुरू झाला. थ्रॉम्बोस्पॉन्डिन-१ असं काम करतं हे १९९० मध्ये दिसलं. फोकमन यांच्याच प्रयोगशाळेतून १९९४ मध्ये अँजिओस्टॅटिन आणि १९९७ मध्ये एंडोस्टॅटिन पुढे आलं. यातली शेवटची दोन म्हणजे शरीरातल्या नेहमीच्या प्रथिनांचे तुकडे. अँजिओस्टॅटिन हा प्लाझ्मिनोजेनचा भाग आहे आणि एंडोस्टॅटिन हा कोलॅजन-१८ च्या शेपटाकडचा, सुमारे २० किलोडाल्टनचा तुकडा.

निरोगी प्रौढ शरीरात रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या बहुतेक पेशी शांत असतात, फार क्वचित विभागतात. जखम, सूज किंवा गाठ यांच्याकडून व्हीईजीएफ आलं की ते पेशीवरच्या व्हीईजीएफ रिसेप्टर-२ ला चिकटतं. पुढे पीआय-३ कायनेज आणि एकेटी या पेशीतल्या संकेतवाहक एंझाइमांमार्फत जगण्याचा संकेत आत जातो. एकेटी ‘बॅड’ नावाच्या मारक प्रथिनाला निष्क्रिय ठेवतं, आणि व्हीईजीएफमुळे बीसीएल-२ सारखी रक्षक प्रथिनं वाढतात. त्यामुळे पेशी जगते, सरकते, विभागते.

थ्रॉम्बोस्पॉन्डिन-१ याच्या विरुद्ध दिशेने काम करतं. ते पेशीवरच्या सीडी३६ या रिसेप्टरला चिकटतं. त्यातून फिन हे कायनेज जागं होतं, मग कॅस्पेस-३ च्या जातीचे प्रोटिएज (पेशीतली प्रथिनं कापून ॲपॉप्टोसिस घडवणारी एंझाइम) आणि पी३८ कायनेज कामाला लागतात. ज्या उंदरांमध्ये सीडी३६ किंवा फिन नाही, त्यांच्या डोळ्याच्या कॉर्नियात थ्रॉम्बोस्पॉन्डिन-१ नव्या वाहिन्यांना रोखू शकत नाही. माझ्या मते या मार्गाचा सर्वांत स्वच्छ पुरावा हाच.

याच्या पुढची कडी मला या संपूर्ण विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. थ्रॉम्बोस्पॉन्डिन-१ आणि पीईडीएफ हे दुसरं रोधक प्रथिन, दोन्हींमुळे एंडोथेलियल पेशीत फास लायगँड, म्हणजे फास या मृत्यूच्या रिसेप्टरला चिकटणारा रेणू, वाढतो. लायगँड ज्याला चिकटायचा तो फास रिसेप्टर मात्र शांत पेशीच्या पृष्ठभागावर फारसा नसतो. तो पृष्ठभागावर आणतात व्हीईजीएफसारखे वाढीचे घटकच. म्हणजे रोधक प्रथिन लायगँड पुरवतं आणि वाढीचा घटक रिसेप्टर पुरवतो. दोन्ही एकत्र आले तरच कॅस्पेस-८ सुरू होतं आणि पेशी मरते. नवी फुटणारी वाहिनी मरते, जुनी शांत वाहिनी वाचते, याचा उलगडा यातून होतो. प्लेटमध्ये व्हीईजीएफच नसेल, तर तुम्ही जे शोधताय ते घडण्याची परिस्थितीच तिथे नाही, हेही यातूनच कळतं.

बाकीच्यांचे मार्ग वेगळे आहेत. एंडोस्टॅटिन अल्फा-५ बीटा-१ इंटिग्रिनशी (इंटिग्रिन म्हणजे पेशीला तळाशी धरून ठेवणारे रिसेप्टर) बांधलं जातं, पेशीची तळाशी असलेली पकड बिघडवतं आणि बीसीएल-२ व बीसीएल-एक्सएल कमी करतं. पण कित्येक परिस्थितींत ते पेशीला न मारता नुसतं सरकणं आणि वाढणं थांबवतं. ट्युमस्टॅटिन हे आणखी एक रोधक प्रथिन अल्फा-व्ही बीटा-३ इंटिग्रिनमार्फत एमटॉर या कायनेजला दाबून पेशीतली प्रथिननिर्मिती रोखतं. अँजिओस्टॅटिन एंडोथेलियल पेशीच्या पृष्ठभागावरच्या एटीपी सिंथेजला चिकटतं, आणि भोवताल आम्लधर्मी असेल तर त्याचा परिणाम वाढतो. म्हणून अँजिओस्टॅटिनवर काम करताना मीडियमचा पीएच नोंदवत जा. ‘अँटी-अँजिओजेनिक’ हे लेबल एकच असलं तरी एका प्रथिनाचा मार्ग दुसऱ्याच्या माथी मारू नये.

पहिली पायरी: पेशी कोणत्या घ्यायच्या

गर्भनाळेच्या शिरेतून काढलेल्या पेशी, म्हणजे ह्युव्हेक, सगळीकडे वापरल्या जातात. त्या १९७३ पासून कल्चरमध्ये आहेत, सहज मिळतात, चांगल्या वाढतात. पण त्या मोठ्या शिरेच्या पेशी आहेत आणि त्यांच्यावर सीडी३६ फार कमी असतो. थ्रॉम्बोस्पॉन्डिन-१ चा सीडी३६ मार्ग ह्युव्हेकमध्ये शोधायला गेलात, तर ‘परिणाम नाही’ असं उत्तर येईल आणि त्यातून प्रथिनाबद्दल काहीच कळणार नाही. या कामाला त्वचेतल्या सूक्ष्मवाहिन्यांच्या एंडोथेलियल पेशी घ्या.

त्या घेतल्या तरी सीडी३६ आहे असं गृहीत धरू नका. वेगवेगळ्या दात्यांच्या पेशींत त्याचं प्रमाण वेगळं असतं आणि पासेज वाढेल तसं ते घटू शकतं. प्रयोगाच्याच आठवड्यात, त्याच पासेजच्या थोड्या पेशी फ्लो सायटोमीटरवर सीडी३६ साठी तपासा. सोबत सीडी३१ ही एंडोथेलियल पेशींची खूण पाहून पेशी एंडोथेलियलच आहेत याचीही खात्री करा. शक्यतो तिसऱ्या ते सहाव्या पासेजच्या आतच काम उरका.

तुलनेसाठी फायब्रोब्लास्ट हव्यातच. त्याच मात्रेला त्याही मरत असतील, तर तुमचं प्रथिन एंडोथेलियमला निवडून मारत नाही, किंवा त्यात भलतंच काही मिसळलेलं आहे.

दुसरी पायरी: प्रथिनाची झाडाझडती

या पायरीला कितीही वेळ दिला तरी तो वाया जात नाही.

सर्वांत मोठा धोका एंडोटॉक्सिनचा. ई. कोलायमध्ये बनवलेल्या प्रथिनासोबत जीवाणूच्या भिंतीतलं लिपोपॉलिसॅकराइड येतं, आणि एंडोथेलियल पेशी त्याला अतिशय संवेदनशील असतात. ते एकट्यानेही त्यांना इजा करू शकतं. प्रत्येक बॅचची एलएएल ही एंडोटॉक्सिन मोजणारी चाचणी करा आणि आकडा वहीत लिहा. मग एक साधा कंट्रोल ठेवा: प्रथिनाचा थोडा भाग उकळून घ्या आणि तोही त्याच मात्रेत पेशींना द्या. उकळल्यावर प्रथिनाची घडी मोडते, लिपोपॉलिसॅकराइड मात्र टिकून राहतं. उकळलेल्या नमुन्यानेही पेशी मेल्या, तर संशय एंडोटॉक्सिनवर घ्या. दुसऱ्या बाजूने खात्री करायची तर पॉलिमिक्सिन-बी घालून पाहा. ते लिपोपॉलिसॅकराइडला बांधून ठेवतं, त्यामुळे खरा परिणाम प्रथिनाचा असेल तर तो पॉलिमिक्सिनच्या उपस्थितीतही दिसायला हवा.

एंडोस्टॅटिनची अडचण निराळी. ई. कोलायमध्ये ते बहुधा अविद्राव्य गोळ्यांच्या रूपात मिळतं आणि पुन्हा घडी घालून घ्यावं लागतं. ट्यूब वितळवल्यावर तळाशी पांढुरका गाळ दिसला, तर सेंट्रिफ्यूज करून वरच्या द्रवातलं प्रमाण नव्याने मोजा. लेबलवरचा आकडा त्या ट्यूबला आता लागू राहिलेला नाही.

प्लेटलेटमधून शुद्ध केलेल्या थ्रॉम्बोस्पॉन्डिन-१ सोबत टीजीएफ-बीटा हे संकेत-प्रथिन येऊ शकतं. शिवाय थ्रॉम्बोस्पॉन्डिन-१ स्वतःच सुप्त टीजीएफ-बीटाला सक्रिय करतं. टीजीएफ-बीटाही एंडोथेलियल पेशींची वाढ थांबवतं, म्हणून त्याला निष्प्रभ करणारी अँटिबॉडी घातलेला एक वेल ठेवा.

मात्रा नेहमी मोलरमध्ये ठरवा. थ्रॉम्बोस्पॉन्डिन-१ चा त्रिकूट रेणू सुमारे ४५० किलोडाल्टनचा आहे. १० नॅनोमोलर मात्रा म्हणजे त्याचे प्रति मिलिलिटर ४.५ मायक्रोग्रॅम, तर एंडोस्टॅटिनचे जेमतेम ०.२ मायक्रोग्रॅम. दोन्हींची तुलना मायक्रोग्रॅममध्ये केली, तर एकाचे रेणू दुसऱ्याच्या वीसपटीहून जास्त घालून बसाल.

प्रथिन लहान भागांत गोठवा, एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नका. आणि वाहक द्रवाचा कंट्रोल म्हणून डायलिसिसचा शेवटचा बफरच वापरा, ताजा बनवलेला नको.

तिसरी पायरी: प्लेटची मांडणी

मुळात चार गट लागतात. काहीच न दिलेला, फक्त व्हीईजीएफ दिलेला, फक्त प्रथिन दिलेला आणि दोन्ही दिलेला. तिसरा गट वगळायची घाई बरेच जण करतात, पण वर सांगितलेल्या फासच्या यंत्रणेची कसोटी तिसऱ्या आणि चौथ्या गटांच्या तुलनेतच लागते.

पेशी सुमारे ७० टक्के तळ झाकतील इतपत असाव्यात. पूर्ण दाटलेला थर शांत होतो आणि मरणाला दाद देत नाही. पूर्ण वाढीच्या मीडियममध्ये इतके पोषक घटक असतात की रोधकाचा परिणाम झाकला जातो. सीरम फार कमी केलं, तर उपाशी पेशी आपोआप मरू लागतात. म्हणून आधी नुसत्या मीडियमचा प्रयोग करा. सीरमची अशी पातळी शोधा जिथे व्हीईजीएफशिवाय थोड्याच पेशी मरतात आणि व्हीईजीएफ दिल्यावर तेही थांबतं. ही पातळी दर दात्यागणिक बदलते, दुसऱ्याच्या लेखातून उचलून चालत नाही.

तळाला काय लावलंय तेही नोंदवा. फायब्रोनेक्टिन हे स्वतःच अल्फा-५ बीटा-१ इंटिग्रिनला चिकटणारं प्रथिन आहे. एंडोस्टॅटिनचा परिणाम फायब्रोनेक्टिनवर आणि जिलेटिनवर वेगळा आला, तर नवल नाही.

मात्रा दहापटीच्या अंतराने निदान चार तरी घ्या. या प्रथिनांचा आलेख बऱ्याचदा सरळ चढत नाही. एंडोस्टॅटिनचा परिणाम मधल्या मात्रेला सर्वाधिक आणि त्याहून जास्त मात्रेला पुन्हा कमी, असाही नोंदला गेला आहे. एकच मोठी मात्रा घेऊन ‘काही होत नाही’ म्हणणं धोक्याचं. वेळा ४, ८, १६, २४ आणि ४८ तास अशा ठेवा. आपली चाचणी चालते आहे ना, हे कळायला एका वेलला ॲपॉप्टोसिस हमखास घडवणारं स्टॉरोस्पोरिन १ मायक्रोमोलर द्या. काही तासांत तिथे ॲपॉप्टोसिस दिसायलाच हवा.

पेशींचं चयापचय रंगावरून मोजणारी एमटीटी चाचणी हवी तर करा, पण तिच्यावर निष्कर्ष बांधू नका. रंग कमी आला म्हणजे चयापचय कमी झालं किंवा पेशी कमी भरल्या. मृत्यू झाला की वाढ थांबली, हे त्यातून कळत नाही.

चौथी पायरी: पेशी गोळा करणं

मीडियम ओतून टाकायचं नाही. तरंगणाऱ्या पेशींतच मेलेल्या आणि मरणाऱ्या पेशी सर्वाधिक असतात. प्रत्येक वेलचं मीडियम त्याच्या नावाच्या ट्यूबमध्ये काढा, वेल हलक्या हाताने धुवा आणि ते धुवणही त्याच ट्यूबमध्ये घाला. मग चिकटलेल्या पेशी ॲक्युटेजने सोडवून त्यातच मिसळा. ट्रिप्सिन जोरात किंवा फार वेळ वापरलं तर पेशींच्या पडद्याला भोकं पडतात आणि धडधाकट पेशीही मेल्यासारखी रंगते. ३०० जीवर पाच मिनिटं फिरवा, त्याहून जास्त नको. ईडीटीए वापरलं असेल, तर पेशी नीट धुवून ते पूर्ण काढा. पुढच्या चाचणीला कॅल्शियम लागतं आणि ईडीटीए ते ओढून घेतं.

पाचवी पायरी: ॲनेक्सिन-व्ही आणि प्रॉपिडियम आयोडाइड

जिवंत पेशीत फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेद पडद्याच्या आतल्या बाजूला असतो. ॲपॉप्टोसिस सुरू झाला की तो बाहेर येतो आणि कॅल्शियम असेल तर ॲनेक्सिन-व्ही त्याला चिकटतं. बफरमध्ये २.५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड असतं ते याचसाठी. प्रॉपिडियम आयोडाइड फक्त पडदा फाटलेल्या पेशीत शिरतं.

म्हणून फक्त ॲनेक्सिनने रंगलेली पेशी म्हणजे ॲपॉप्टोसिसची सुरुवात. दोन्हींनी रंगलेली पेशी ॲपॉप्टोसिसच्या शेवटाला पोचलेली असू शकते किंवा थेट फाटून मेलेली. या दोघांत ही चाचणी फरक करत नाही. फरक कळतो तो वेळेच्या क्रमातून: खरा ॲपॉप्टोसिस असेल तर आधी फक्त ॲनेक्सिनचा गट फुगतो आणि काही तासांनी त्या पेशी दोन्ही रंगांच्या गटात सरकतात. २४ तासांचा एकच नमुना घेतलेल्यांना हा क्रम दिसत नाही.

फक्त एका रंगाचे कंट्रोल घेऊन कॉम्पेन्सेशन लावा. रंगवल्यावर अंधारात ठेवा आणि तासाभरात वाचन संपवा. रंगवण्याआधी पेशी फिक्स करू नका.

सहावी पायरी: कॅस्पेस

वेस्टर्न ब्लॉटवर कापल्या गेलेल्या कॅस्पेस-३ च्या १७ आणि १९ किलोडाल्टनच्या पट्ट्या शोधा. त्याच ब्लॉटवर पार्प हे कॅस्पेसकडून कापलं जाणारं प्रथिन पाहा. अखंड पार्प ११६ ला आणि कॅस्पेसने कापलेलं ८९ ला दिसतं. इथेही तरंगत्या पेशी लायसेटमध्ये घ्यायला विसरू नका.

पण पट्टी दिसणं म्हणजे कॅस्पेसमुळेच पेशी मेली असं नव्हे. त्यासाठी झेड-व्हॅड-एफएमके हा सर्व कॅस्पेसना रोखणारा पदार्थ प्रथिनाच्या तासभर आधी द्या. मृत्यू टळला, तर कॅस्पेसची गरज सिद्ध झाली. टळला नाही, तर पेशी दुसऱ्या वाटेने मरते आहे. मग पडदा फाटल्यावर पेशीतून मीडियममध्ये सांडणारं एलडीएच हे एंझाइम मोजा. मला विचाराल तर एकाच प्रयोगाला वेळ असेल तेव्हा झेड-व्हॅडचाच करावा.

सातवी पायरी: मार्ग बाहेरचा की आतला

फासचा मार्ग कॅस्पेस-८ मधून जातो. मायटोकॉन्ड्रियाचा मार्ग सायटोक्रोम-सी बाहेर पडून कॅस्पेस-९ मधून जातो. दोन्हींचे वेगवेगळे रोधक मिळतात. मात्र कॅस्पेस-८ बिड नावाचं प्रथिन कापून संकेत मायटोकॉन्ड्रियाकडेही पोचवतं. त्यामुळे दोन्ही कॅस्पेस सक्रिय दिसले तर गोंधळू नका, आधी कोण सुरू झालं ते लवकरच्या वेळांच्या नमुन्यांत पाहा.

फास अडवताना अँटिबॉडीचा क्लोन डोळ्यांत तेल घालून तपासा. झेडबी४ हा क्लोन फासला अडवतो. सीएच११ हा क्लोन त्याच फासला सक्रिय करून पेशी मारतो. कॅटलॉगमध्ये दोन्ही ‘फासविरोधी अँटिबॉडी’ या एकाच नावाखाली असतात. सीडी३६ चंही तसंच आहे: काही अँटिबॉडीज थ्रॉम्बोस्पॉन्डिनला अडवतात, तर काही स्वतःच त्याच्यासारखा संकेत देतात. प्रत्येक अँटिबॉडी एकटी दिलेला वेल आणि त्याच जातीच्या असंबद्ध अँटिबॉडीचा वेल ठेवल्याशिवाय या पायरीचा निकाल वाचू नये.

पी३८ साठी एसबी२०३५८० वापरता येतं. डीएमएसओचं प्रमाण सर्व वेलमध्ये सारखं आणि ०.१ टक्क्याच्या आत ठेवा.

आठवी पायरी: आधी सुटली की आधी मेली

एंडोथेलियल पेशी तळापासून सुटली की तेवढ्यानेच मरते. याला ॲनॉइकिस म्हणतात. इंटिग्रिनवर काम करणाऱ्या एंडोस्टॅटिन, ट्युमस्टॅटिनसारख्या प्रथिनांच्या बाबतीत हा प्रश्न टाळता येत नाही. काचेच्या कव्हरस्लिपवर पेशी वाढवा, प्रथिन द्या, आणि लवकरच्या वेळांना *अजून चिकटून असलेल्या* पेशींत कापलेलं कॅस्पेस-३ रंगवा. सोबत केंद्रकाचा रंग घ्या. चिकटलेल्या, पसरलेल्या पेशीतच कॅस्पेस-३ चमकत असेल आणि केंद्रक आकसू लागलं असेल, तर मृत्यू सुटण्याच्या आधी सुरू झाला. तुलनेसाठी पॉलीहेमा लावलेल्या, म्हणजे पेशी चिकटूच न शकणाऱ्या प्लेटमध्ये तेवढाच वेळ काही पेशी ठेवा.

नववी पायरी: ऊतीत तपासणं

प्लेटमधल्या पेशींभोवती पेरिसाइट (वाहिनीला बाहेरून वेढणाऱ्या आधार-पेशी) नसतात, रक्तप्रवाह नसतो. गाठीच्या छेदांवर सीडी३१ आणि ट्यूनेल (मरणाऱ्या पेशीतला तुटलेला डीएनए रंगवणारी पद्धत) असं दुहेरी रंगकाम करा. एक छेद डीएनेज देऊन मुद्दाम सकारात्मक करा, एका छेदात ट्यूनेलचं रंगकाम ज्यावर चालतं ते टीडीटी एंझाइम घालू नका. गाठीच्या मधल्या कुजलेल्या भागात ट्यूनेल सरसकट रंगतं, तो भाग मोजणीतून वगळा. मोजताना सीडी३१ असलेल्या एकूण पेशींपैकी किती ट्यूनेलने रंगल्या, हे प्रमाण काढा. नुसत्या वाहिन्यांची संख्या घटली एवढ्यावरून त्या मेल्या की मुळात फुटल्याच नाहीत, हे ठरत नाही.

तिसरा रंग स्मूथ मसल ॲक्टिनचा देता आला तर जरूर द्या. पेरिसाइटने वेढलेल्या पक्व वाहिन्या टिकून आहेत आणि उघड्या, नव्या वाहिन्यांत ट्यूनेल दिसतं आहे, असं आढळलं तर प्लेटमधल्या तिसऱ्या-चौथ्या गटांच्या निकालाशी ते ताडून पाहता येतं. छेद मात्र लवकरच्या दिवसांचेही घ्या. रक्तपुरवठा तुटल्यावर गाठीच्या पेशी मरतातच, आणि उशिराच्या छेदात सगळंच मेलेलं दिसतं. एंडोथेलियमचा मृत्यू गाठीच्या पेशींच्या आधी आला, हे त्या सुरुवातीच्या छेदांतच दिसू शकतं.